दिवाळीची गिफ्टं ऑनलाईन घेताय? आधी महाद्वार रोडचा भाव विचारून या

आधी माझा पराक्रम सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी लई शहाणपण शिकवतोय असं कुणाला वाटायला नको. कोल्हापुरात जन्म, चप्पल लाईन घरापासून चालत दहा मिनिटं, आणि मी गड्यानं दाजींना भाऊबीजेला द्यायची कोल्हापुरी चप्पल ऑनलाईन मागवली. का, तर ६५ टक्के ऑफ दिसला आणि खाली लाल अक्षरात 'फक्त २ शिल्लक'. पार्सल आलं तर आत रेक्झिनचं काहीतरी, रबराचा वास मारणारं, आणि पाठवणारा कुठला तर तिसऱ्याच राज्यातला. आईनं हातात घेतली, वाकवून बघितली आणि म्हणाली, "ही करकर वाजायची पण न्हाई रं." शेवटी चप्पल लाईनला जाऊन दुसरी घ्यावीच लागली, म्हणजे दोनदा पैसे गेले, आणि भावकीत कुणाचंही लग्न-बारसं असलं की हा विषय निघतोच अजून.

तेव्हापासून मी टक्के बघायचे बंद केलेत. दोनच आकडे बघतो. तीच वस्तू आपल्या गावातल्या दुकानात घासाघीस करून कितीला मिळते, आणि ऑनलाईन मागवली तर सगळ्या फिया धरून दारात पडेपर्यंत कितीला पडते. या दोघांची कुस्ती लावायची, जो चितपट करेल त्याच्याकडनं घ्यायचं. खाली जे काय लिहिलंय ते सगळं हे दोन आकडे खरे कसे काढायचे यावरच आहे.

सुरुवात सेलच्या आधी करायची, सेल लागल्यावर नाही. आपल्याकडं घट बसले की मोबाईलमध्ये पण सेल बसतोच. २०२५ ला बघा, ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही मोठ्या कंपन्यांचे सेल २३ सप्टेंबरला सुरू झाले, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला, म्हणजे मधे चांगले चार आठवडे. पहिल्याच रात्री बाराला उठून खरेदी करायची काही गरज नसते, दसऱ्याला एक लाट येते, धनत्रयोदशीच्या आधी अजून एक येते. फक्त मोबाईलसारख्या एखाद्या गाजलेल्या मॉडेलचा स्टॉक लवकर संपतो, तेवढं सोडलं तर घाई करणाऱ्याचंच जास्त जातंय असा माझा अनुभव.

तर गणपती गेले की एक वही काढायची. हो, वहीच, मोबाईलमधली नोट नको, मोबाईल हातात घेतला की आपण लगेच ॲप उघडतो. त्यात नावं लिहायची: आई, बायको पाडव्याची, थोरली बहीण, धाकटी बहीण, भाच्या, दाजी, ऑफिसातले दोघं तिघं. प्रत्येकाच्या पुढं जास्तीत जास्त किती, तो आकडा. एकूण बेरीज तुमच्या भिशीच्या पैशापेक्षा जास्त होता कामा नये. आमच्या गल्लीत भिशी दिवाळीच्या तोंडावर फुटते, ते पैसे हातात यायच्या आधीच मी वाटणी करून ठेवतो, नाहीतर ते कुठं जातात ते रंकाळ्यावरच्या भेळवाल्यालाच माहीत. आणि नाव लिहिताना वस्तू पण लिहा, 'बहिणीला काहीतरी' असं लिहू नका. त्या 'काहीतरी'वरच सेलवाल्यांचं घर चालतंय.

मग एक रविवार काढून गावात चक्कर मारायची. मिक्सर, इस्त्री, कुकर असलं काही असेल तर राजारामपुरीत दोन तीन दुकानात मॉडेल नंबर सांगून शेवटचा भाव विचारायचा, कपड्यांचं असेल तर महाद्वार रोड, आणि जास्त नग घ्यायचे असतील तर सरळ गांधीनगर, ड्रायफ्रूटसाठी लक्ष्मीपुरी. मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर लिहून घ्या, कारण ऑनलाईनला कधी कधी दिसायला तेच पण शेवटी एक अक्षर वेगळं असलेलं मॉडेल असतंय, त्यात एक भांडं कमी नाहीतर वॉरंटी कमी. त्याच दिवशी घरी येऊन ऑनलाईनचा भाव पण वहीत लिहायचा, तारखेसकट. हा सेलच्या आधीचा भाव म्हणजे आपली खरी काठी, पुढं यानंच मोजायचं.

टक्क्यांचं गणित एकदा समजून घ्या. एमआरपी ४,९९९, आता फक्त १,२९९, ७४ टक्के ऑफ. वाचायला लई भारी. पण एमआरपी कंपनी स्वतःच छापते, छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही एवढंच बंधन, ती वस्तू ४,९९९ ला कधी कुणी विकली का हे कोण विचारत नाही. तुमच्या वहीत सेलच्या आधीचा भाव १,३४९ असेल तर तुमची बचत ५० रुपये, बाकीचे ३,६५० नुसते हवेत. वही ठेवायला उशीर झाला असेल तर कीपा किंवा बायहटके असली भावाचा इतिहास दाखवणारी टूल्स आहेत, त्यात मागच्या काही महिन्यांचा आलेख दिसतो. सेलच्या पंधरा दिवस आधी भाव चढवून मग 'कमी' केलेला असला की त्या आलेखात डोंगर दिसतोच.

हाच प्रकार जीएसटीच्या जाहिरातींचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचापेक्षा मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले, म्हणजे किंमत साधारण पावणेआठ टक्क्यांनी उतरायला पाहिजे. पण ती राजारामपुरीतल्या दुकानात पण तेवढीच उतरली, त्यात ऑनलाईनवाल्याचं काय कौतुक. मोबाईल, लॅपटॉप, मिक्सर तर आधी पण १८ वर होते, आता पण १८ वरच आहेत, त्यामुळं तिथं कुणी कर कमी झाल्याच्या गप्पा मारत असेल तर सोडून द्या. बदाम पिस्ते मात्र १२ वरून ५ टक्क्यांवर आले.

ड्रायफ्रूटवरनं आठवलं, गिफ्ट बॉक्समध्ये सगळ्यात जास्त फसगत होते ती इथं. डबा देखणा, वर सोनेरी रिबीन, ८९९ रुपये, आणि बारीक अक्षरात वजन बघितलं तर ४०० ग्रॅम, त्यात निम्मे बेदाणे. शंभर ग्रॅमला सव्वादोनशे पडले की, आणि ते पण बेदाण्याला! त्यापेक्षा लक्ष्मीपुरीतनं सुटं घ्या, बॉक्स रिकामे मिळतात ते आणा, पोरांना बसवा भरायला. खायच्या कुठल्याही वस्तूला शंभर ग्रॅमचा भाव काढायचा, ही सवय लावून घ्या, चॉकलेटच्या सणाच्या पाकिटांना पण हेच लागू.

आता ऑनलाईन काय घ्यायचं आणि काय नाही यावर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. मोबाईल, इअरबड, घड्याळ, पुस्तकं, पोरांची खेळणी, ब्रँडेड कुकर मिक्सर, जिथं मॉडेल नंबर आहे आणि कुठनं पण घेतलं तरी वस्तू तीच, तिथं ऑनलाईन बघायला हरकत नाही. ज्याला हात लावून बघावं लागतं ते गावात. साडी तर नकोच, फोटोतला मोरपंखी रंग दारात येईपर्यंत पोपटी होतो. चप्पलचं तर माझं तुम्ही वाचलंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात आहेत, पण नुसतं 'कोल्हापुरी स्टाईल' लिहून कोण कुठनं काय विकतंय त्याला ऑनलाईन धरबंध नाही. मुंबई पुण्यातल्या कुणासाठी मागवायचीच असेल तर वर्णनात चामड्याची आहे का, बनवणारा कुठला आहे हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. पणत्या कुंभार गल्लीतनं घ्या, ऑनलाईन डझनाला जेवढे घेतात तेवढ्यात इथं टोपली भरते आणि फुटायची भीती नाही. चांदीचे पैंजण, जोडवी वगैरे असेल तर हुपरी आपल्याच उशाला आहे, ऑनलाईन कशाला. सोनं घेणारच असाल तर दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी म्हणजे हॉलमार्कचा नंबर, तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो, आपल्या गुजरीतल्या सराफाकडनं घेतलं तरी तपासा.

बँकेच्या कार्डाच्या ऑफरवर जरा थांबतो, कारण खरे पैसे वाचतात ते इथं, आणि जातात ते पण इथंच. समजा ऑफर आहे १० टक्के, कमीत कमी खरेदी ५,००० ची, जास्तीत जास्त सूट १,५००. म्हणजे १५,००० पर्यंतच तुम्हाला खरे दहा टक्के मिळतात. २८,००० चा मोबाईल घेतला तरी सूट १,५०० च, म्हणजे सव्वापाच टक्के. उलट बाजूनं, ४,२०० ची खरेदी असेल तर काहीच नाही, आणि इथंच माणूस ८०० रुपयाचं काहीतरी उगाच कार्टमध्ये टाकतो ५,००० करायला. यादीतलीच दुसऱ्या बहिणीची वस्तू त्याच ऑर्डरमध्ये टाकली तर गोष्ट वेगळी, म्हणून तर आधी वही. ऑफर बहुतेक वेळा एका कार्डावर ठरावीक वेळाच चालते, त्यामुळं दोन मोठ्या वस्तू असतील तर एक तुमच्या कार्डावर आणि एक भावाच्या, पैसे त्याला लगेच पाठवून द्यायचे. लगेच म्हणजे त्याच दिवशी, नाहीतर वहिनींची तोंडं बघावी लागतात. पण कार्ड ज्याचं, ऑर्डर पण त्यानंच त्याच्या मोबाईलवरनं टाकायची. कार्डाचे नंबर आणि ओटीपी फॅमिली ग्रुपवर टाकणारे महाभाग आमच्याकडं आहेत, तसलं करू नका.

आणि क्रेडिट कार्डाचं बिल पुढच्या महिन्यात पूर्ण भरणार असाल तरच हे सगळं. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, तेवढीच भरून सोडलं तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तीन महिन्यात ती दहा टक्के सूट परत गेली.

नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फुकट असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हिशोब. २४,००० चा फोन, सहा महिने, ४,००० चा हप्ता. बँक तर व्याज लावतेच, १६ टक्के धरलं तर साधारण १,०८० रुपये, तेवढी रक्कम विकणारा आधीच किमतीतनं कमी करतो म्हणून आपल्याला बेरीज बरोबर दिसते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो आपल्या खिशातनं, जवळपास १९५ रुपये, वर प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटी धरून २३५. झाले ४३० जास्तीचे. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ लाच बँकांना सुनावलंय. पैसे हातात नाहीत आणि वस्तू खरंच लागणार आहे तर ४३० रुपये देऊन घ्या की, त्यात काय चूक नाही, पण फुकट समजून घेऊ नका. शिवाय एकरकमी पैसे दिल्यावर काही जादा सूट होती का, ती ईएमआय निवडल्यावर गायब झाली का, हे दोन्ही पर्याय दाबून बघा.

पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान सावकाश वाचा. प्लॅटफॉर्म फी, हँडलिंग फी, डिलिव्हरी, कॅश ऑन डिलिव्हरीचे वेगळे, आणि कधी कधी आपण न टाकलेलं इन्शुरन्स नाहीतर पाच रुपये दान आपोआप टिक केलेलं असतं. 'फक्त २ शिल्लक', '९ मिनिटात ऑफर संपणार' असली खोटी घाई करणं, कार्टमध्ये गुपचूप वस्तू घुसवणं, शेवटी किंमत वाढवणं, असल्या १३ युक्त्यांवर सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. तरी पण दिसत्यात. त्या घड्याळावर माझा उपाय एकच, वस्तू कार्टमध्ये टाकायची आणि झोपायचं. सकाळी बहुतेक वेळा घड्याळ परत पहिल्यापासनं चालू झालेलं असतं, आणि एखाद वेळी 'तुमच्या कार्टमधल्या वस्तूचा भाव उतरला' असा मेसेज पण येतो. कूपन असेल तर वस्तूच्या पानावर त्याचा चौकोन आपणच टिक करावा लागतो, तो विसरून कितीतरी जण पूर्ण पैसे भरतात, मी पण भरलेत.

यानंतर जे सांगतोय ते मी भाचीच्या इअरबडवरनं शिकलो. नवरात्रात स्वस्तात घेतले, छान कागदात गुंडाळून कपाटात ठेवले, भाऊबीजेला तिनं उघडले तर एका कानात आवाजच नाही. परत करायची मुदत होती सात दिवस. झाला की महिना! तेव्हा गिफ्ट असलं तरी आल्या आल्या फोडायचं. फोडताना दुसऱ्याला मोबाईलवर सलग व्हिडिओ काढायला लावायचा, पार्सलवरच्या पत्त्यापासून सुरू करून. चालू करून बघायचं, मिक्सर असेल तर भांडी मोजायची, फोन असेल तर चार्जिंग करून बघायचं, आणि मग परत गुंडाळायचं. घेतानाच बघा की वस्तू 'परत' घेतात का नुसतीच 'बदलून' देतात, दोन्हीत फार फरक आहे, बदलून देणार असतील तर आवडलं नाही म्हणून पैसे मिळत नाहीत. महागाच्या वस्तूला दारात उघडून दाखवायची सोय असेल तर ती घ्याच, आणि डिलिव्हरीवाल्या पोराला ओटीपी बॉक्स उघडून बघितल्यावर द्यायचा, आधी नाही. त्याला घाई असते, सणात दिवसाला कितीतरी पार्सलं वाटायची असतात त्याला, चहा विचारा पण ओटीपी नंतरच.

बहिणीच्या पत्त्यावर थेट पाठवत असाल तर तिला आधी सांगून ठेवा की आल्यावर उघडून बघ, सरप्राईज गेलं खड्ड्यात. पुणे मुंबईला दोन दिवसात जातं, पण चंदगड, गगनबावडा, राधानगरीकडं आतल्या गावात असेल तर पिनकोड टाकून तारीख बघा आणि त्यावर अजून चार दिवस धरा. दिवाळीच्या आठवड्यात कुरियरवाल्यांची गोदामं तुंबलेली असतात, म्हणून वसुबारसेच्या आत पोचेल असंच बघायचं. एका पत्त्यावर दोघी बहिणींचं एकत्र मागवलं तर फुकट डिलिव्हरीची अट पण पुरी होते आणि भाऊबीजेला तुम्ही जाणारच आहात की घेऊन.

कुणाकडनं घेताय ते बघा म्हणजे साईट नव्हे, विकणारा. त्याचं नाव वस्तूच्या पानावर असतं. तारे मोजण्यापेक्षा गेल्या महिनाभरातले एक तारेवाले आणि तीन तारेवाले फोटोसकट अभिप्राय वाचा. पाच तारेवाले सगळे 'नाईस प्रॉडक्ट' म्हणूनच मोकळे झालेले असतात.

फसवणुकीचं थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर दिवाळीला कुणीतरी गल्लीतलं सापडतंच. व्हॉट्सॲपवर आलेल्या सेलच्या लिंकवरनं कधी खरेदी नाही, ॲप स्वतः उघडायचं. 'तुमचा पत्ता अपुरा आहे, पार्सल अडकलंय, इथं ५ रुपये भरा' हा मेसेज सणात हमखास येतो, कारण त्यांना माहीत असतं की प्रत्येकाचं काही ना काही येणारच आहे. रिफंड मिळवायला क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाका असं कोण म्हणालं तर फोन ठेवा, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन, जेवढ्या लवकर कराल तेवढी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

वस्तू खराब निघाली आणि साईट दाद देईना तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासात पोच द्यायला पाहिजे आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायला पाहिजे. तरी नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्या चपलेच्या वेळी मला हा नंबर माहीत नव्हता, माहीत असता तर निदान एकदा तरी पैसे परत मागून बघितले असते.

आणि बिल. गिफ्टवरची किंमत झाकायची म्हणून बिल फाडून टाकू नका, वॉरंटीला तेच लागतं. ॲपमधनं बिल डाऊनलोड करून ठेवा, बहिणीकडं वस्तू पोचली की तिला फक्त मॉडेल नंबर आणि तारीख पाठवा आणि वॉरंटीचं काम निघालं तर बिल तुम्ही पाठवा. मी एकदा सरळ बिलच फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं. थोरलीचा मिक्सर ३,१०० चा आणि धाकटीचा २,८०० चा, हे दोघींना एकाच वेळी कळलं. यंदा दोघींना एकच मॉडेल घेणार आहे, आणि राजारामपुरीतला दुकानदार दोन नग घेतले तर अजून दीडशे कमी करतो म्हणालाय.